सादड्यावरचा पतंग आणि पांढऱ्या तळाची बाटली

मागच्या उन्हाळ्यात माझा एक पाच पानी लेख छापून आला. एका पतंगाच्या नराचं वर्णन. पतंग म्हणजे पाखरू, दिव्यावर झेपावतं ते. आमच्या सासऱ्यांनी संक्रांतीचा समजून "मांजा कुठला वापरलात?" असं विचारलं होतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. लेखात पंखांची मोजमापं आहेत, मिशांची रचना आहे, कुठल्या झाडावर सापडला ते आहे, तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक हेही आहे. पण तो मिळवायला मी तिथे तीन दिवस राहिलो आणि ज्यांनी मला राहायला जागा दिली त्या घरावर माझ्यामुळे काय वेळ आली, ते लेखात कुठेच नाही. शास्त्रीय लेखात त्याला जागा नसते. म्हणून ते इथे लिहितो. वाचून मला भेकड म्हणालात तर माझी हरकत नाही.

मी आहेच मुळात भित्रा. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. रात्रंदिवस इंजिनांच्या शिट्ट्या कानावर, तरी प्रत्येक शिट्टीला दचकायचो. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!" असं म्हणून आई कपाळावर हात मारून घ्यायची. पुढे शिकलो, नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो, आणि एवढ्या मोठ्या प्राणिसृष्टीतून अभ्यासाला पतंग निवडले, कारण ते चावत नाहीत.

या पतंगाची हकीकत अशी. इंग्रजांच्या राज्यात कुणा गोऱ्या अधिकाऱ्यानं त्याची एक मादी पकडून विलायतेला पाठवली. तिकडे तिच्यावर तीन ओळी लिहिल्या गेल्या आणि विषय मिटला. नराचं वर्णन कुणी केलंच नव्हतं. दिसायला अगदी त्याच्यासारखे आणखी दोन-तीन पतंग आहेत, पंख बघून भलेभले फसतात. नक्की कोणती जात ते ठरतं नराच्या पोटाच्या टोकावरून. तिथले बारीक अवयव भिंगाखाली पाहायचे, तेव्हा खात्री होते. आदल्या वर्षी कॉलेजच्या सहलीत मला सुरगाण्याजवळ असा एक नर सापडला होता. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री माझ्याकडून डबा उघडा राहिला आणि मुंग्यांनी नेमकं पोटच खाऊन टाकलं. टाचणीवर चार पंख तेवढे उरले. ते मी पुण्याच्या एका जाणत्या अभ्यासकांकडे पाठवले. त्यांचं इनलँड आलं. पंखांवरून आशा वाटते, पण पोट नाही तर पुरावा नाही, येत्या मोसमात दुसरा नर आणा. आणि खाली बारीक अक्षरात, आणखी कुणीतरी याच्या मागावर आहे असं कानावर आलंय. त्या शेवटच्या ओळीनं माझी झोप उडाली. वर्गात शिकवताना, भाजी घेताना, दाढी करताना एकच भीती, की आपल्याआधी कुणीतरी तो नर पकडणार.

बाटली मांडीवर

दिवाळी आटोपली आणि मी निघालो. सामान फार नव्हतं. एक जाळी, टाचण्यांचा डबा, भिंग, चादर, बिस्किटांचे पुडे आणि मारणबाटली. आमच्या लॅबमध्ये तिला सगळे असंच म्हणत. रुंद तोंडाची काचेची बरणी, तळाशी सायनाइड, त्याच्यावर प्लॅस्टरचा पांढरा थर, तोंडाला घट्ट बूच. पाखरू आत सोडलं की थोड्या वेळात शांत होतं आणि पंखांवरची भुकटीसुद्धा झडत नाही. माणसाला त्यातलं नखभर पुरतं. एरवी ती कुलपात असे, आणि कपाटातून काढताना मी दर वेळी श्वास रोखून धरत असे.

बाटलीवर कवटीचं चित्र आणि खाली लाल अक्षरांत 'विष' असं लेबल होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी ते भिजवून खरवडून काढलं. त्याचं कारण सांगतो. आणीबाणी उठून फार काळ झाला नव्हता. नसबंदीच्या गाड्यांचा धसका डोंगरातल्या माणसांच्या मनातून गेला नव्हता. पिशवी-बाटल्या घेतलेला शहरी माणूस दिसला की लोक पाडा सोडून रानात पळतात, एका आरोग्यसेवकाला तर म्हणे दगड खावे लागले, असं स्टाफरूममध्ये ऐकलं होतं. मग कवटीचं लेबल पाहून माझी काय गत करतील? बायको बघत उभी होती. "अहो, पण चुकून कुणी हात लावला तर?" ती म्हणाली. "माझ्या नजरेआड होणारच नाही ती," मी म्हणालो. लेबलचा लगदा मोरीत वाहून गेला तेव्हा मला चक्क हलकं वाटलं.

एसटी वणीपर्यंत खचाखच भरलेली होती. पिशवी मांडीवर, पिशवीत बाटली. शेजारी देवीच्या गडावर निघालेल्या एक बाई, खण-नारळाची परडी घेऊन. रस्त्यात खड्डा आला की मी पिशवी छातीशी धरायचो. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तूप आहे का हो?" मी हो म्हणालो. "मग आडवी नका होऊ देऊ," असं सांगून त्यांनी मला सरकून जागा करून दिली. बाटली इथे फुटली तर खिडक्या उघडायला किती वेळ लागेल, याचा हिशोब मी वणी येईपर्यंत करत होतो.

वणीनंतर गाडी रिकामी झाली आणि घाट लागला. दोन्ही बाजूंचे उतार खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, फुलांनी पिवळेधमक झाले होते. खालच्या खाचरांत भाताची कापणी चाललेली, बायका ओळीनं वाकलेल्या. दुसरा कुणी असता तर खिडकीबाहेर बघून सुखावला असता. मला त्या पिवळ्या रंगात जागोजाग दुसऱ्याच कुणाच्या तरी जाळ्या दिसत होत्या.

पाहुणा

फाट्यावर काशिनाथ भोये मला घ्यायला आला होता. आदल्या वर्षी सहलीत त्याची ओळख झाली होती. द्राक्षाच्या हंगामात तो पिंपळगाव बसवंतकडे मजुरीला यायचा, त्यामुळे आमच्याकडच्या माणसांशी बोलायची त्याला सवय. माझा पहिला पतंग बघून तोच म्हणाला होता, "ही पाखरं दिवाळीच्या अंगाला आमच्या सादड्यावर बसत्यात, मास्तर. या की राहायला." सादडा म्हणजे आपला ऐन. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चिरलेली असते, आणि या पतंगाचे पंख अगदी त्याच रंगाचे, म्हणून दिवसा तो सालीवर बसला की कुणाला दिसत नाही. मी पत्र टाकलं होतं. पत्र पोचायला आठवडा लागला, त्यात नेमका दिवसही नव्हता, म्हणून काशिनाथ फाट्यावर दोन दिवस हेलपाटे घालत होता, हे मला नंतर कळलं.

घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, स्वच्छ. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. घरात काशिनाथ, त्याची बायको आणि आई सोनीबाई. सोनीबाई साठीच्या असतील. उंच, काटक, बोलायला फटकळ. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. मी टेकलो न टेकलो तोच त्यांनी कमरेचा बटवा सोडला, तळहातावर तंबाखू काढली आणि चुन्याची डबी माझ्यापुढे धरली. मी मान हलवून नको म्हणालो. त्यांचा हात तसाच राहिला. काशिनाथ हळूच म्हणाला, "नाय म्हणू नका. खाऊ नका पायजे तर, पण हातात घ्या." मग मी चिमूटभर घेतली. त्या भागात कुणी भेटलं की आधी तंबाखू-चुना, मग पाणी, मग बोलणं. ज्याला आपली तंबाखू दिली, तो आपला.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची चटणी. चटणी काळी म्हणून मी आधी बिचकलो, मग तिसऱ्या भाकरीपर्यंत मागून घेतली. आमच्या घरी पाहुण्याच्या पिशवीला हात लावणं म्हणजे चोरीच. इथे तसलं काही नव्हतं. माझे बिस्किटांचे पुडे मी पिशवीतून काढायच्या आत शेजारी वाटून झाले होते, आणि सकाळी माझ्या साबणानं काशिनाथ ओढ्यावर मजेत अंग घासत होता. उलट माझी चादर पातळ म्हणून त्याच्या बायकोनं स्वतःचं पांघरूण मला दिलं आणि ती पोतं घेऊन झोपली. पाहुण्याचं ते घरचं, घरचं ते पाहुण्याचं. सगळं मला फार गोड वाटलं. पिशवीतल्या एका वस्तूलाही तोच नियम लागेल, हे काही डोक्यात आलं नाही.

त्याच संध्याकाळी मी सामान लावत होतो. बाटली कणगीवर, म्हणजे धान्याच्या बांबूच्या कोठीवर ठेवणार, तेवढ्यात सोनीबाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि दाराच्या उजेडाकडे धरून फिरवून पाहिली.

"काय हाय रं ह्यात? पांढरं?"

ओटीवर दोन शेजारी येऊन बसले होते. ते आपसांत कोकणीत, म्हणजे तिकडच्या कोकणा लोकांच्या बोलीत, काहीतरी बोलले. त्यातला 'डागतर' एवढा एकच शब्द मला कळला आणि नसबंदीच्या गाड्या आठवल्या. खरं सांगायची वेळ तीच होती. "मावशी, हे विष आहे, हात लावू नका," एवढं एक वाक्य. घशापर्यंत आलंही.

"चुना," मी म्हणालो.

"इतका?"

"पाखरांना लागतो."

"पाखरंबी तंबाखू खात्यात का काय!" त्या म्हणाल्या, आणि सगळे खदखदून हसले. मीही हसलो. बाटली त्यांच्या हातून घेऊन कणगीवर ठेवली आणि शर्टाला तळहात पुसले. घामानं ओले झाले होते.

बाजाराचा दिवस

दुसरा दिवस फुकट गेला. सकाळपासून झाडामागून झाड, बुंध्याला नाक लावून. मुंग्या चावल्या, मान आखडली, पाखरू नाही. काशिनाथ कापणी सोडून अर्धा दिवस माझ्याबरोबर हिंडला. "निघंल मास्तर, कुठं जातंय," तो म्हणत होता, आणि मला वाटत होतं, गेलंच असणार, ते दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यात.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी घरामागच्या सादड्याशी गेलो, आणि तिथे, छातीच्या उंचीवर, तो होता. दोनदा नजर त्याच्यावरून घसरली. साल आणि पंख यांच्यात फरक म्हणाल तर पंखाच्या कडेची एक फिकट हिरवट रेघ, दगडफुलावर असते तसली. मी गवताच्या काडीनं पुढचा पंख किंचित उचलला. खालचा मागचा पंख केशरी, मधोमध काळा ठिपका. मिशा कंगव्यासारख्या दातेरी, म्हणजे नर. पोट पूर्ण. बाटलीचं तोंड त्याच्यावर टेकवायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. तो आत पडला, थोडा फडफडला आणि शांत झाला. मी तिथेच बुडाशी बसकण मारली आणि, लाज कसली, रडलो.

आत्ताच हलवला तर पंख घासतील म्हणून मी त्याला बाटलीतच राहू दिलं. बाटली ओटीच्या कट्ट्यावर सावलीत ठेवली आणि आणखी एखादा मिळतो का बघायला परत झाडांत गेलो. घरात तेव्हा हालचाल होती. काशिनाथ आणि त्याची बायको विळे घेऊन खाचराकडे निघाली होती. सोनीबाई डोक्याला तेल लावत होत्या. त्या दिवशी बाजार होता.

तासाभरानं परत आलो. घर रिकामं. कट्टा रिकामा.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते जसंच्या तसं लिहितो. गेला! माझा नर गेला! मी कट्ट्याखाली पाहिलं, उकिरड्यावर पाहिलं, कोंबड्या कुठे काय टोचतायत ते पाहिलं. चक्क भिंग काढून अंगणातला पाचोळा उलटापालटा केला. मग घरात शिरलो. चूल, मडकी, पांघरुणं. दुसऱ्याच्या घरात असा हात घालताना एरवी मी मेलो असतो. कणगीत खांद्यापर्यंत हात होता, तेव्हा दारात सावली पडली. शेजारची बाई, हातात विळा.

"काय पायजे?"

"माझी वस्तू. बाटली."

"कसली बाटली?"

याही वेळी सांगता आलं असतं. पण तो विळा, तिची ती नजर, आणि मी दुसऱ्याच्या कणगीत हात घातलेला. "काही नाही, साधीच," मी म्हणालो. ती जाईना, तशीच बघत उभी राहिली. नजर चुकवायला म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. सोनीबाई कमरेचा तंबाखूचा बटवा रात्री तिथल्या खुंटीला अडकवत. खुंटी मोकळी होती.

बटवा. तंबाखू. चुना.

त्या बाईला ओलांडून मी बाहेर पडलो आणि खाचराच्या दिशेनं धावत सुटलो. तोंडानं काय बरळत होतो देव जाणे.

काशिनाथ वाकून कापत होता. "मावशींनी माझी बाटली नेली का?" मी विचारलं.

"नेली आसंल की," तो सरळ होत म्हणाला. "आयची बहीण येती ना आज बाजाराला. तिला पांढराशिप्पट चुना दाखवायचा व्हता, काल रात्री बोलत व्हती. आणंल संध्याकाळी. काय घाई हाय का?"

"काशिनाथभाऊ, तो चुना नाही. ते विष आहे."

चेष्टा आहे का, हे त्यानं एकदा माझ्या तोंडावर शोधलं. मग विळा टाकून तो बांधावरून धावत सुटला. त्याची बायको मागून ओरडून विचारत होती. तिला उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

बाजाराचं गाव दीड कोसावर. वाट डोंगराच्या कडेकडेनं, मग उतार, मग ओढा. मी आयुष्यात इतका पळालो नव्हतो. काशिनाथ पुढे, मी मागे, आणि त्याची पाठ लांब लांब जात होती. मनात नुसतं चित्र येत होतं, सोनीबाई तळहातावर तंबाखू घेतात, बोट बाटलीत घालतात. मी डोळे मिटायचो तर पायाखालची वाट जायची. एकदा सपशेल पडलो, गुडघा फुटला. काशिनाथनं वळून पाहिलं नाही. ओढ्यात मात्र तो माझ्यासाठी थांबला.

"किती लागतं?" त्यानं विचारलं.

"नखभर."

"मंग?"

"दवाखान्यापर्यंत नाही पोचत माणूस."

त्यानं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "हे पैल्या दिवशी सांगायचं व्हतं, मास्तर," एवढंच म्हणाला आणि पुन्हा पळायला लागला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

वाटेत बाजार करून परतणारी दोन माणसं भेटली. काशिनाथनं पळता पळताच त्यांना कोकणीत विचारलं. त्यांनी हसत हात करून पुढे दाखवलं. "काय म्हणाले?" मी ओरडलो. "बसलीय म्हणत्यात. मोहाखाली. बाया गोळा केल्यात." बाया गोळा केल्यात! म्हणजे एकट्या सोनीबाई नाहीत. त्या तर भेटेल त्याला आधी चुना देणार. माझ्या डोळ्यांपुढे एकाऐवजी पाच-सहा जणी आडव्या झाल्या.

मोहाखाली

सुक्या मासळीचा वास, मिठाचे ढीग, बांगड्यांची पथारी. आम्ही माणसं लोटत गेलो. टोकाला मोहाच्या झाडाखाली पाच बायका पाय पसरून बसल्या होत्या. मधोमध सोनीबाई. बाटली मांडीवर, बूच उघडं. डाव्या तळहातावर मळलेली तंबाखू, उजव्या हातात केसातला आकडा. आकड्याच्या टोकानं त्या तळ खरवडत होत्या.

काशिनाथ "आये!" म्हणून किंचाळला. त्यांनी वर पाहिलं. मी तोवर पोचलो होतो. विचार केला नाही, बोललो नाही, त्यांच्या हातावर जोरात फटका मारला. तंबाखू उडाली, आकडा उडाला, बाटली दगडावर पडून फुटली.

"लांब व्हा! वास घेऊ नका! कुणी खाल्लं? कुणी तोंडात घातलं का?"

बायका घाबरून मागे सरकल्या. सोनीबाई हात चोळत माझ्याकडे बघत होत्या. "कुणी खाल्लं? घरचा संपला आत्ता, म्हणून ह्यो काढत व्हते," त्या म्हणाल्या. "तर निघंना. लय घट्ट हाय तुझा चुना."

प्लॅस्टर. माझ्या हातानं मी ते नीट दाबून बसवलं होतं, म्हणून पाच बायका जिवंत होत्या. मी मटकन खाली बसलो, पण बसूही दिलं नाही. मागून कुणीतरी माझी कॉलर धरून मला उभं केलं.

"म्हातारीवर हात टाकतो?"

"विष आहे त्यात," मी म्हणालो. "विष."

तो शब्द गर्दीत कसा पसरला ते मला ऐकू येत होतं. इख. इख हाय. इख वाटायला आलाय. कुणीतरी नसबंदीचं नाव घेतलं. माणसं जवळ आली. एका हातात काठी दिसली. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी मोरीत लेबल धुतलं होतं, ती समोर उभी होती. कॉलरची पकड आवळली आणि मला श्वास घेता येईना. काशिनाथ तोवर फुटक्या काचांवर माती लोटत होता. तो उठला आणि माझ्या आणि त्या माणसांच्या मधे येऊन उभा राहिला.

"सोडा त्याला. माझा पावना हाय," तो म्हणाला. "मास्तरनं मला सांगितलं व्हतं इख हाय म्हणून. मी घरात सांगायला इसरलो. चूक माझी हाय."

पकड सैल झाली. माझ्या छातीत हवा गेली. आणि मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. तो माझ्यासाठी खोटं बोलतोय हे मला कळत होतं, आणि तरी मला बरं वाटलं. त्याचे लोक आहेत, त्याला काही करणार नाहीत, असा विचारसुद्धा माझ्या डोक्यात येऊन गेला.

मग सोनीबाई बोलल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुला म्हायीत व्हतं, काशिनाथ? अन् तू आपल्या आयला सांगितलं नाय?"

काशिनाथनं मान खाली घातली. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मला सहन झालं नाही. काठीची भीती गेली नव्हती, पण त्या दोघांच्या मधे ते खोटं तसंच ठेवून मी घरी जाणार होतो, याची त्याहून जास्त भीती वाटली.

"नाही मावशी," मी म्हणालो. "त्याला माहीत नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मीच चुना म्हणालो. लोक मारतील म्हणून घाबरलो."

मी डोळे मिटून काठीची वाट बघत होतो. काठी आली नाही. डोळे उघडले तेव्हा सोनीबाईंची बहीण त्यांच्या हातावर घागरीनं पाणी ओतत होती, आणि त्या मातीनं हात घासत होत्या, सावकाश, एकेक बोट.

"तुझं पाखरू मी काढून ठेवलंय रं," त्या खालीच बघत म्हणाल्या. "मेलेलं व्हतं आत. हात घालून काढलं अलगद. तुझ्या कामाचं म्हणून पळसाच्या पानात बांधून कुडात खोसलंय. चुन्यात खराब झालं आसतं."

त्या बाटलीत हात घालून, तिच्या तोंडावर वाकून, त्यांनी माझं पाखरू वाचवलं होतं. हे मला पुढे एसटीत बसल्यावर नीट समजलं. त्या क्षणी मला एवढंच ऐकू आलं की पाखरू आहे. माझ्या तोंडावर काय उमटलं मला माहीत नाही, पण ते सोनीबाईंनी पाहिलं. हात धुणं थांबवून त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"सकाळधरनं तू मला हुडकत व्हता, का पाखराला?"

एवढ्या माणसांत मी खोटं बोलू शकलो असतो. या वेळी ते खोटं कुणाला लागलंही नसतं, उलट सगळ्यांना हवंच होतं. काशिनाथ तर तोंड उघडून माझ्याकडे बघत होता, बोल बाबा, असं.

"आधी पाखराला," मी म्हणालो.

सोनीबाईंनी पदराला हात पुसले. सांडलेली तंबाखू वेचायला गेल्या, मग काचा पाहून तशीच टाकली. "जा," त्या म्हणाल्या. "पाखरू घे अन् आजच्या गाडीनं जा. परत आमच्या घरी येऊ नको."

काच आणि वरची माती काशिनाथनं बाजारापासून लांब, खोल खड्ड्यात पुरली. मला त्यानं हात लावू दिला नाही. वाटेनं तो बरोबर आला, पण चार पावलं पुढे. घरी आल्यावर माझी पिशवी त्यानं ओटीवर आणून ठेवली, साबणाची उरलेली वडी आठवणीनं कागदात गुंडाळून दिली, आणि कापणीला निघून गेला.

कुडात पळसाचं पान होतं, काडीनं टाचलेलं. ते घ्यावं की नाही असा विचार माझ्या मनात आला, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी ते लगेच काढलं आणि दारात उजेडाकडे जाऊन उघडलं. एक मिशीही तुटली नव्हती. पोट शाबूत होतं. मी ते डब्यात टाचलं आणि पाचच्या गाडीनं नाशिकला आलो.